चार बोटं हाड

रुमालाची गाठ सोडून त्यांनी माझ्या टेबलावर हाड ठेवलं. नडगीचं होतं, चांगलं चार बोटं लांब. घरच्या बायकांनी ते धुऊन त्याला हळद लावली होती. आदल्या रात्री वेताळवाडीच्या घाटाखाली कापसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली होती. जखमीला रातोरात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणलं होतं. सकाळी उजेड पडल्यावर त्याचा भाऊ परत त्या जागेवर गेला आणि रस्त्याकडेच्या मातीत त्याला हे सापडलं. "साहेब, सगळी माती चाळली. एवढंच होतं. हे बसवा परत."

मी नाही म्हणालो. मातीत रात्र काढलेलं हाड उकळून निर्जंतुक करता येतं, काही ठिकाणी तसं परत बसवलंही गेलं आहे. पण उकळल्यावर त्यातली नवं हाड घडवायची ताकद जाते आणि उघड्या जखमेत ते परक्या वस्तूसारखं पडून राहतं. त्या भावाला हे पटवताना मी अगदी ठाम होतो. शस्त्रक्रियेत मात्र पायाच्या आत आणखी एक तुकडा निघाला. पांढराफटक, स्नायूच्या एका धाग्याला लटकलेला. तो काढला तर पोकळी आणखी मोठी होईल, मग ती भरणार कशानं, या धास्तीनं मी तो जागेवर राहू दिला.

तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पू आला. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया. तो तुकडा काढला, दोन्ही टोकांचं रंग उडालेलं हाडही काढलं. चार बोटांची पोकळी सहा बोटांची झाली आणि सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाचे सात महिने वाया गेले. चूक माझी होती. छिन्नी हातात घेताना तो तुकडा आजही डोळ्यांपुढे येतो. जिवंत हाड कापलं की त्याच्या तोंडावर घामाच्या थेंबांसारखे रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. ते दिसेपर्यंत मी आता थांबत नाही, पोकळी वाढली तर वाढली.

सोयगाव माझं आजोळ. तालुका जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगराखाली, खान्देशाला लागून. तिथल्या लोकांना जळगाव जवळ पडतं, तरीही ओळखीपाळखीनं बरेच जण घाट चढून माझ्याकडे येतात, आणि गेली वीसेक वर्षं महिन्यातून एकदा मीच खाली उतरतो. ट्रॅक्टर उलटलेले, मळणी यंत्रात हात गेलेले, विहीर खोदताना वरून दगड कोसळलेले, असे रुग्ण. मोडलेलं हाड जुळवून धरलं तर सहसा आपलं आपण सांधतं. पण मधला तुकडाच नाहीसा झाला तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. महिने जातात, टोकं गुळगुळीत होतात आणि शरीर तिथलं काम सोडून देतं. अशा पोकळीत हाड भरणं हे माझं काम. ते भरायला लागल्यावर कळलं, की भरायच्या हाडाइतकीच, किंबहुना जास्तच, काळजी त्या जागेची घ्यावी लागते. जागा स्वच्छ हवी, तिच्यावर जिवंत स्नायू आणि कातडीचं पांघरूण हवं, आणि ती हलता कामा नये.

रुग्णांना समजावताना मी बरीच वर्षं "हाडाचं कलम" म्हणत असे. जंबेरीवर मोसंबीचा डोळा भरलेला पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं, असा माझा समज. एका काकांनी तो मोडून काढला. ट्रॅक्टरखाली येऊन त्यांच्या नडगीचं सात सेंटीमीटर हाड गेलं होतं. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "कलमात डोळा जगतो साहेब, फांदी त्यालाच फुटते. तुमचं हे खुब्यातून काढलेलं हाड तिथं जगतं का?" मी खरं ते सांगितलं. वरवरच्या थोड्या पेशी जगतात, बाकीचं हाड मरतं. शरीर ते हळूहळू खातं आणि तिथं स्वतःचं नवं हाड घालत जातं. काका म्हणाले, "मग हे कलम नव्हं. आपण ताग पेरतो आन् फुलोऱ्याआधी गाडतो ना, तसं हाय ते."

त्या दिवसापासून मी तागच सांगतो. मेलेल्या हाडातही काय शिल्लक असतं, हे 1965 साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं. खनिज काढून टाकलेलं निर्जीव हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर जिथं हाडाचा संबंध नाही अशा त्या मांसात नवं हाड तयार झालं. हाडात दडलेली काही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना हाड घडवायला लावतात. रुमालातलं हाड उकळणं मी का नाकारलं, त्याचं उत्तर यातच आहे. ती प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. खुब्याचं ताजं हाड सगळ्यात चांगलं, कारण त्यात जिवंत पेशी असतात, ही प्रथिनं असतात आणि नव्या हाडाला चढायला जाळीही असते. पण खडकावर ताग गाडून जमीन सुधारत नाही, हे काकांना सांगावं लागलं नाही.

काकांसाठी मात्र मी दुसरी वाट धरली. सैबेरियातल्या कुर्गान गावी गॅव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 नंतरच्या वर्षांत कड्यांची चौकट वापरून ही पद्धत विकसित केली. चांगल्या हाडाला एका जागी कापायचं आणि तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या गतीनं पोकळीतून पुढं सरकवत न्यायचा. मागं पडत जाणारी जागा शरीर स्वतःच नव्या हाडानं भरतं. आपल्याकडे अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांनी तर या पद्धतीसाठी स्वतंत्र केंद्रच उभं केलं. एक मिलिमीटर म्हणजे दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर. पाना फिरवायचं काम काकूंकडे आलं. त्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज चार रेघा मारत.

पंधरा दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा तुकडा जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. काकू रडवेल्या झाल्या. त्यांच्या रेघा चोख होत्या, एकही चुकली नव्हती. चुकलं होतं माझं सांगणं. "घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा" असं मी तळपायाच्या बाजूला उभा राहून दाखवलं होतं. घरी खाट भिंतीला लागून होती, म्हणून शेवटचे पाच दिवस काकू गुडघ्याच्या बाजूला बसून पाना फिरवत होत्या. तिथून पाहिलं की दिशा उलटी होते. चूक वेळेत सापडली, तुकडा पुन्हा मार्गी लागला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रुग्णाच्या चौकटीवर, नटाशेजारी, नेलपॉलिशनं बाण काढलेला असतो. तुकडा शेवटी पलीकडच्या टोकाला टेकला, पण तिथं सांधेना. त्या जागी खुब्याचं थोडं हाड घालावंच लागलं. काका हसून म्हणाले, "शेवटी ताग गाडलाच तुम्ही."

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात, हे बाहेरच्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. थकलेल्या पर्यटकांना डोलीत बसवून चार माणसं पायऱ्या चढवतात. अशा एका डोलीवाल्याचा पाय माझ्याकडे आला तेव्हा त्यावर तीन शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या आणि प्लेटभोवती पू होता. सगळं काढून टाकल्यावर आठ सेंटीमीटरची पोकळी राहिली. तेव्हा मी नुकतीच फ्रान्समधल्या अलँ मॅस्केले यांची पद्धत वापरायला लागलो होतो. 1986 पासून ते ती करत होते. 2000 साली त्यांनी 35 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, 4 पासून 25 सेंटीमीटरपर्यंतच्या पोकळ्यांचा. पोकळीत लगेच हाड घालायचं नाही. आधी हाडाचं सिमेंट भरायचं. सांधेबदलात सांधा घट्ट बसवायला वापरतात तेच, त्यात प्रतिजैविक मिसळून. त्यावर स्नायू फिरवून पांघरूण घालायचं आणि सहा ते आठ आठवडे वाट पाहायची.

"पायात सिमेंट?" हे ऐकून त्याचे वडील उठून बाहेर गेले. त्यांना परत बोलावून समजवायला मला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास मी तेव्हापासून प्रत्येकासाठी राखून ठेवतो. सातव्या आठवड्यात पाय उघडला. सिमेंटभोवती शरीरानं एक पडदा विणला होता, दुधावरच्या जाड सायीसारखा, पण गुलाबी, आणि चिमटा लागला की रक्त येणारा. त्या पडद्यात बारीक रक्तवाहिन्या असतात आणि हाड वाढवणारी प्रथिनं त्यातून पाझरतात. सिमेंट फोडून बाहेर काढलं, दोन्ही खुब्यांतून काढलेलं हाड बारीक करून त्या पिशवीत भरलं आणि पिशवी शिवून टाकली. मी पाहिलेल्या सगळ्या शस्त्रक्रियांत या एका क्षणाला माझं मन आजही भरून येतं. ज्या जागेनं वर्षभर फक्त पू दिला, तिनंच हाडासाठी घर बांधून ठेवलेलं असतं.

त्याच्याकडून मी एक गोष्ट ऐकली. "तुमचंच हाड तुम्हाला देणार" असं मी म्हणालो तेव्हा तो म्हणाला, "आमच्या एक नंबरच्या लेण्यात शिबी राजा हाय, कबुतरासाठी सोताचं मांस तोलून देणारा. मी तर मलाच देतोय, त्यात काय एवढं."

तीन महिन्यांनी एक्स-रेमध्ये ढगासारखी सावली दिसू लागली आणि तिथंच अडकली. पुढचे दोन महिने काहीच हललं नाही. त्याची बायको एकटी भेटून सांगून गेली, की तंबाखू पुन्हा सुरू झाली आहे. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. इतक्या कष्टानं तयार केलेल्या जमिनीचं पाणीच तोडल्यासारखं होतं. मी चिडलो, त्याला बोललो. आता वाटतं, बोलायला नको होतं. पाच महिने घरात बसलेल्या, रोज डोंगर चढणाऱ्या माणसाला दिवस कसा खायला उठतो, हे मी विचारायला हवं होतं. त्याच्या भावानं त्याला रोज दुकानावर नेऊन बसवायला सुरुवात केली तेव्हा तंबाखू सुटली. अकरा महिन्यांनी हाड भरलं. ते एक्स-रे मी अजून विद्यार्थ्यांना दाखवतो. पण डोली त्याला पुन्हा उचलता आली नाही. एकदाच प्रयत्न केला, रात्री पाय सुजला. आता तो भावाच्या दुकानात स्फटिकाचे दगड विकतो. "डोली उचलता येईल ना?" असं त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "आधी पाय वाचवू" असं म्हणून मी तो प्रश्न बाजूला सारला. आता मी कामाचं आधी विचारतो आणि जे होणार नाही ते पहिल्याच दिवशी सांगतो.

खुब्याचंही माझ्या उशिरा लक्षात आलं. आम्हा शल्यचिकित्सकांचं सगळं लक्ष जिथं हाड घालायचं तिथं. जिथून काढलं ती जागा टाके घालून विसरून जायची. "पाय बरा हाय, कंबरच दुखती" हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकलं आणि गोळी लिहून दिली. मग एका बाईंनी लुगड्याची गाठ बाजूला करून दाखवलं. परकराची नाडी बरोबर व्रणावर काचत होती आणि जागा लालभडक झाली होती. त्यानंतर मी पुरुषांना विचारू लागलो. त्यांचा करगोटाही तिथंच. हाडाच्या कडेवर छेद द्यायचा नाही, थोडा खाली द्यायचा, हे पुस्तकात होतंच. पण नाडी आणि करगोटा पाहिल्यावर ते माझ्या हाताला कळलं. काहींच्या मांडीचा बाहेरचा भाग बधिर होतो, कारण तिथली कातडीची नस त्याच वाटेनं जाते. हे आता आधी सांगतो. भूल उतरायच्या आत त्या जागेवर बधिरतेचं औषधही सोडतो.

बनोटीकडच्या एका मुलाचं हाड अपघातानं नव्हे, हाडातल्या पुवानं गेलं. सहा-सात वर्षांचा. नडगीचा मधला भाग कुजून निखळला होता आणि पाय दोरीसारखा लोंबत होता. आई म्हणाली, "साहेब, माझं घ्या हाड. लेकराचं कशाला कापता?" तिला सांगितलं, तुझ्यापेक्षा त्याचंच हाड त्याला जास्त मानवेल आणि ते आणायला लांबही जायचं नाही. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं. ते कापून, त्याचा रक्तपुरवठा जपत, नडगीच्या जागी सरकवायचं. हंटिंग्टन नावाच्या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया 1905 साली नोंदवली आहे. महागडं काही लागत नाही, सूक्ष्मदर्शकही नको. माझ्या मते लहान मुलांसाठी आजही तिच्याइतकी भरवशाची वाट क्वचितच सापडते. मूल चालू लागलं की पेन्सिलीएवढं ते हाड भार ओळखतं आणि जाड होत जातं. तीन वर्षांनी त्या मुलाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा नवं हाड जवळजवळ नडगीइतकंच रुंद झालेलं दिसलं. एवढी वर्षं पाय एक इंच आखूडच आहे. चपलेला जाड तळ लावून तो शाळेत जायचा. आता बापाबरोबर कापूस वेचतो.

कधी स्वतःच्या शरीरातलं हाड पुरत नाही. एका मुलीच्या गुडघ्याजवळची गाठ खरवडून काढल्यावर मोठी खाच राहणार होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतीपेढी आहे. तिथं दान मिळालेलं हाड स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पाकिटात मिळतं. मी हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुणाच्या अस्थी आहेत? त्याच्या घरच्यांनी सावडल्या नाहीत का?" आपल्या भाषेत जिवंत माणसाचं ते हाड आणि मेलेल्याच्या त्या अस्थी. सगळ्या अस्थी पाण्यात गेल्या नाहीत तर जीव अडकतो, ही भीती त्यांच्या डोळ्यांत होती. मी सांगितलं, खुब्याचा सांधा बदलताना जे हाड काढून टाकावं लागतं तेही असं वापरतात. ते देणारा माणूस घरी गेलेला असतो, चालत असतो. आजोबांनी होकार दिला. तेव्हापासून मी त्यांच्यासारख्यांशी बोलताना "अस्थिदान" हा शब्द वापरत नाही. "हाड दिलं" म्हणतो.

पैशाचा काच 2013 नंतर थोडा सैलावला. जीवनदायी योजना, पुढं महात्मा फुले जन आरोग्य योजना, आली आणि बैलजोडी विकून ऑपरेशन करणारी कुटुंबं कमी झाली. पण अशा पायाला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढा काळ बुडालेली मजुरी आणि घाटातले एसटीचे फेरे कोणत्याच योजनेत बसत नाहीत. अर्ध्यात उपचार सोडून गेलेल्यांची नावं काढून पाहिली तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आणि एक पाय मी वाचवला नाही. खरं तर फार काळ वाचवत राहिलो. तीन वर्षं, सहा शस्त्रक्रिया, दोनदा भरलेलं हाड दोनदा विरघळलं. माणूस जमीन कसणारा. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, आता काढा. तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून मी थांबलो होतो." गुडघ्याखालून पाय काढला, जयपूर फूट बसवला. चार महिन्यांत तो बांधावर उभा होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी हा पर्याय त्याच्यासमोर ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही, कारण मला तो माझा पराभव वाटत होता. त्याची दोन वर्षं मी परत देऊ शकत नाही.

सध्या माझ्याकडे एक तरुण बाई आहे. मळणी यंत्रात पदर अडकला आणि उजव्या दंडाचं पाच सेंटीमीटर हाड गेलं. सिमेंट घालून सहा आठवडे झाले, जखम कोरडी आहे, रक्त वाढलं आहे. "आंबट खाल्लं की जखम चिघळते" म्हणून सासूबाई तिला लिंबूसुद्धा देत नव्हत्या. आता रोज अंडी आणि आवळा देतात. गेल्या खेपेला सोयगावला ती दाखवायला आली. पुढच्या आठवड्यात हाड भरायचं ठरलं. कोणत्या बाजूच्या खुब्यातून काढू, काही अडचण आहे का, असं मी विचारलं. तिनं दाराशी सासूच्या मांडीवर बसलेल्या दीड वर्षाच्या मुलाकडे पाहिलं.

"उजवीकडून घ्या. डाव्या कडेवर हा बसतो."

मी केसपेपरवर "उजवा" लिहिलं आणि खाली रेघ मारली.